ठिपक्यांचा गोल

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर माणूस नसतो, नुसता उजेड असतो. हॉस्पिटलच्या तळघरातली खोली. समोरच्या भिंतीवर दुधी काचेची लांबट पेटी, आतून चार नळ्यांनी उजळलेली. तिच्यावर एक्स-रेची फिल्म अडकवायची आणि मागच्या उजेडात वाचायची. चारांतली तिसरी नळी मधूनच पापणी मिटते नि उघडते. डाव्या हाताला पोलादी कपाट. दार नीट लागत नाही म्हणून फटीत पुठ्ठ्याची घडी कोंबलेली. उजवीकडे टेबल. टेबलावर झाकणाची बरणी, तिच्यात स्पिरिटात भिजवलेले कापसाचे बोळे आणि शेजारी पिवळ्या मेणपेन्सिलीचा बोटभर उरलेला तुकडा. नव्याने आणून ठेवलेला संगणकाचा पडदा या सगळ्यांत परक्या पाहुण्यासारखा अवघडून बसलेला. खुर्ची एकच. जिन्यावर पावलं वाजतात, सावकाश, डावं पाऊल जरा जड. दार उघडतं. प्रवेश: ठिपकेताई.

हजेरीपटावर त्यांचं नाव दुसरंच होतं. पण चौतीस वर्षांत ते कोणी हाकेला वापरलं नाही, त्यामुळे कधी फोनवर कुणी पूर्ण नावाने विचारलं तर ताई स्वतःच क्षणभर थांबत, कोण बरं ही बाई, अशा चेहऱ्याने.

नाव पडलं ते त्यांच्या खुणेवरून. एक्स-रे काढायचा तंत्रज्ञाने, वाचायचा डॉक्टरांनी. पण दिवसाला ऐंशी-नव्वद फिल्म वाचणाऱ्या डॉक्टरांची नजर वाटेत अडावी म्हणून या विभागात जुनी पद्धत होती. तंत्रज्ञाला काही खटकलं तर त्याने मेणपेन्सिलीने फिल्मवर खूण करायची. खात्री असेल तर सबंध रेषेचा गोल. नुसतीच शंका असेल तर ठिपक्यांचा. डॉक्टरांनी वाचून अहवाल सांगितला की तंत्रज्ञानेच स्पिरिटचा बोळा फिरवून खूण पुसायची आणि स्वच्छ फिल्म पाकिटात घालायची. पाकीट उपचार संपेपर्यंत रोग्याच्या हातात असायचं, मग हॉस्पिटलात परत जमा व्हायचं. रोग्याला गोल दिसला तर घरदार हबकायचं. म्हणून पुसणं हासुद्धा कामाचाच भाग होता, आणि ताईंचा हात त्यात इतका साफ की पुसल्यावर फिल्म वाकडी-तिकडी करून पाहिली तरी मेणाचा माग लागत नसे.

बाकीचे तंत्रज्ञ सबंध गोल काढत, नाहीतर काहीच काढत नसत. ठिपके काढायला जिगर लागते. आपल्याला नक्की माहीत नाही हे चारचौघांत कबूल करावं लागतं. ताई ठिपके काढत. दहांतल्या नऊ वेळा काही निघत नसे. "ताई, आज नक्षी छान काढलीत," असं डॉक्टर म्हणत आणि ताई हसून बोळा उचलत.

निवृत्तीची भाषणं झाली, भिंतीवरचं एक घड्याळ भेट मिळालं, आणि दुसऱ्याच सोमवारी हॉस्पिटलातून पुन्हा बोलावणं आलं. जुन्या चाळीस हजार फिल्म संगणकात उतरवून झाल्या होत्या. नवीन तर थेट पडद्यावरच उमटत होत्या. आता एकच गोष्ट ठरायची होती, आणि तिच्यासाठी तिघांची समिती नेमली होती: विभागाचे मोठे डॉक्टर, संगणकाचं सगळं पाहणारा तारवाला, आणि खुणांचा अनुभव म्हणून ताई.

तारवाला म्हणजे पंचेचाळिशीचा, डोक्यावर मोजके केस उरलेला माणूस. वीस वर्षांपूर्वी भिंतीतून तारा ओढायला आला होता, तेव्हाचं नाव अजून चिकटलेलं. पहिल्या दिवशी त्याने ताईंना एकुलत्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः औषधांच्या उलट्या खोक्यावर बसला.

"ताई, चित्र कसं ठेवायचं ते ठरलंय. चित्रावरची खूण कशी ठेवायची, त्याचा फॉरमॅट ठरायचाय."

"खूण चित्रावरच असते ना रे?"

"तिथंच तर सगळं घोडं अडलंय. तीन वाटा आहेत. एक, खूण चित्रातच मुरवून टाकायची, गोंदल्यासारखी. मग ती हलत नाही, पण तिच्याखाली काय होतं तेही परत दिसत नाही. दुसरी, ही कंपनी आलीय ना, तिचा स्वतःचा फॉरमॅट. रंग काय, बटणं काय, विचारू नका. पण बंद पेटी. किल्ली त्यांच्याकडे."

"आणि तिसरी?"

"साधी मजकुराची फाइल. चित्राला हात लावायचा नाही. शेजारी लिहून ठेवायचं, आडवे इतके, उभे इतके, इथे गोल. कोणी काढला, कधी काढला, खात्रीचा की शंकेचा. दिसायला अगदीच गरीब आहे बिचारी."

ताई म्हणाल्या, "हे म्हणजे दादाच्या मापाच्या वहीसारखं झालं. कापड कपाटात, माप वहीत."

"कोण दादा?"

"होता एक शिंपी," ताई म्हणाल्या आणि कपाटाचा पुठ्ठा उगीचच नीट करायला उठल्या.

त्या शिंप्याचं दुकान ताईंच्या घराच्या खालच्या अंगाला होतं, आणि वरच्या दोन खोल्यांत तो आणि ताई राहत. थोरला भाऊ. दोघांनीही लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर दादा म्हणायचा, "मी हिची वाट बघत होतो, ही माझी बघत होती. असं करता करता दोघांचीही गाडी गेली." सकाळी तो गळ्यात मापाची टेप अडकवून खाली उतरायचा, ताई डबा घेऊन कामावर जायच्या. संध्याकाळी दिवसभराच्या गोष्टी. ताईंना नवीन नाव पडलं हे कळल्यावर तो इतका हसला की तोंडातल्या टाचण्या सांडल्या. "ठिपके! अगं, मी खडूने खुणा करतो आणि इस्त्रीने उडवतो, तू मेणाने करतेस आणि स्पिरिटने उडवतेस. आपल्या घराण्यात काही टिकायचं लक्षण दिसत नाही."

अकरा वर्षांपूर्वी दादाचा खोकला महिनाभर हटेना. ताईंनी त्याला एका मंगळवारी स्वतः तळघरात आणलं, स्वतः उभं केलं, "श्वास घे, धरून ठेव" म्हणाल्या. तो म्हणाला, "दुकानात मी लोकांना हेच सांगतो." फिल्म उजेडावर चढवली. उजव्या बाजूला अगदी वर, गळ्याजवळच्या आडव्या हाडाच्या आड, ताईंना काहीतरी खटकलं. सावलीपेक्षा जरा दाट. त्यांनी पेन्सिल घेतली आणि सात ठिपक्यांचा गोल काढला.

मोठे डॉक्टर तेव्हा नवीन होते, मोठे व्हायचे होते. त्या दिवशी एकटेच होते, दारापर्यंत रांग. त्यांनी थांबून पाहिलं, हे ताई कधी नाकारत नाहीत. जवळ जाऊन पाहिलं. "हाडाचीच सावली आहे, ताई. भाऊ आहेत म्हणून तुम्हाला जास्त दिसतंय."

ताईंना ते पटलं. खरंच तसं असेल. त्या म्हणाल्या, "असेल," आणि नेहमीच्या सफाईने बोळा फिरवला.

दहाव्या महिन्यात दादा गेला. आजार निघाला तो तिथेच, हाडाच्या आड.

डॉक्टरांचा राग ताईंना कधी आला नाही. राग यायला खात्री लागते, आणि ताईंकडे नुसते ठिपके होते. शिवाय आता तेही नव्हते. हळूहळू त्यांच्या मनात वेगळाच किडा शिरला: आपण खरंच काढला होता का तो गोल? की दादा गेल्यावर, रिकाम्या घरात बसून, मनानेच तो मागाहून काढला? साक्षीदार कोणी नाही. दादाला त्यांनी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना एवढ्या फिल्मांतून एक आठवणं शक्य नव्हतं. दहा वर्षं ताई हा प्रश्न घेऊन जिना चढत होत्या नि उतरत होत्या, आणि ज्याने उत्तर दिलं असतं तो गोलच पुसलेला होता.

खालचं दुकान त्यांनी कुणाला दिलं नाही. शिलाई मशीन आवरणाखाली होतं. रविवारी त्या त्याचं चाक एकदा हाताने फिरवत, नुसतं जाम होऊ नये म्हणून. कोपऱ्यात लाकडी पुतळ्यावर अर्धा शिवलेला कोट होता. गिऱ्हाईक कधी न्यायला आलं नाही. खांद्यावर, बगलेजवळ, बाहीच्या टोकाला दादाच्या खडूच्या रेघा अजून तशाच. इस्त्री फिरली नाही म्हणून राहिल्या. ताई सगळं दुकान झाडत, पण त्या कोटाच्या जवळ फडका नेत नसत.

बुधवारी कंपनीचे गृहस्थ आले. टाय, चकचकीत बूट, तळघरात उतरताना डोकं वाकवून. वीस जुन्या फिल्मांवर ताईंनी नमुन्याच्या खुणा साध्या फाइलीत काढून ठेवल्या होत्या. गृहस्थांनी त्या आपल्या पेटीत ओतल्या. पडद्यावर लाल, हिरवे, निळे गोल झळकू लागले, दिव्यांची माळ सोडावी तसे. मोठे डॉक्टर खूश. "हे काम झालं! नाहीतर आमचा तारवाला. त्याची फाइल म्हणजे नुसती किराण्याची यादी."

"एक मिनिट," ताई म्हणाल्या. "हा गोल पोटात कसा उतरला?"

सगळे वाकले. सातव्या फिल्मवर फुफ्फुसाच्या शेंड्याला काढलेला गोल खाली जठराच्या हवेभोवती बसला होता.

"मॅडम, सॉफ्टवेअर चुकत नाही. ते जसं दिलंय तसंच दाखवतं," गृहस्थ म्हणाले.

"मग सॉफ्टवेअरला सांगा, फुफ्फुस वर असतं."

डॉक्टर मोठ्याने हसले. आठवी फिल्म काढली, नववी काढली. जे गोल मधोमध होते ते जागेवर, जे वर होते ते खाली, जे खाली ते वर. तारवाल्याने स्वतःची गरीब फाइल उघडली. साधे आकडे, कुणीही वाचावेत असे. पाच मिनिटांत त्याने मांडीवर थाप मारली. "उंची आम्ही वरून मोजतो, तुम्ही खालून! आमचं छप्पर ते तुमचं जोतं!"

"असं आहे का ते पेटीत बघून सांगा," डॉक्टर म्हणाले.

गृहस्थ ओशाळले. "पेटी मला उघडता येत नाही, सर. मुख्य ऑफिसला लिहावं लागेल."

"म्हणजे आमच्या रोग्यांच्या खुणा, आणि आत काय आहे ते तुम्हालाही दिसत नाही?"

गृहस्थांनी बॅग आवरली. माणूस वाईट नव्हता, जाताना ताईंना म्हणाला, "तुम्ही नसता तर कळलंच नसतं."

"मी नाही हो," ताई म्हणाल्या. "गोल मधोमध नव्हता म्हणून कळलं."

गुरुवारी डॉक्टर एकटेच खाली आले. उभ्याउभ्याच बोलायला लागले. "ठीक. यादी तर यादी. साधी फाइलच घेऊ. पण एक करायचं. वाचन झाल्यावर जी खूण राहते तेवढीच ठेवायची. मी नाकारलेली, पुसलेली, ती फाइलीतून काढून टाकायची. कचरा कशाला साठवायचा?"

तारवाला मान डोलावू लागला होता, तोच ताई म्हणाल्या, "साहेब, पुसलेली खूण कुठे जाते?"

"कुठे म्हणजे? जाते. पूर्वी कुठे जायची?"

"कापसात."

"मग?"

"आता कापूस नाही, साहेब. आता ठेवता येतं. खूण तशीच ठेवायची, आणि खाली लिहायचं, अमुक डॉक्टरांनी अमुक दिवशी पाहिली, मान्य नाही. पुसायचं काहीच नाही."

डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. "ताई, तुम्हाला कळतंय का मी काय अंगावर घेतोय ते? उद्या एखादा नातेवाईक येईल आणि विचारेल, तुमच्या तंत्रज्ञाला दिसलं होतं, मग डॉक्टरला का नाही दिसलं? काय सांगू मी त्याला?"

"जे झालं ते."

"इतकं सोपं आहे?"

"नाही. पण माझे दहांतले नऊ ठिपके चुकलेले आहेत, साहेब. तेही राहतील ना तिथेच! तो नातेवाईक तेही बघेल. नऊ वेळा ही बाई चुकली आणि तुम्ही बरोबर होता, हेही कुठे लिहिलेलं नाही आजवर. माझं चुकलेलं राहिलं तरच माझ्या दहाव्याला काही किंमत."

तिसऱ्या नळीने दोनदा पापणी मिटली.

"शेवटी सगळं कळल्यावर सगळ्यांनाच दिसतं," ताई हळू म्हणाल्या. "आधी कुणाला दिसलं होतं, ते फक्त तारीखच सांगू शकते. माणसाला स्वतःचंही सांगता येत नाही."

"कुणाची तरी फिल्म आठवतेय तुम्हाला."

इथे एखाद्या नाटकात बाईंनी पदर सावरून सगळं सांगितलं असतं, प्रेक्षकांनी रुमाल काढले असते. ताईंनी समोरच्या माणसाकडे पाहिलं. केस पिकलेले, डोळ्यांखाली थकवा, आजही नव्वद फिल्म वाचून आलेला. त्या म्हणाल्या, "एखादीच का आठवेल, साहेब? खूप आहेत."

डॉक्टरांनी सोबत आणलेला ठरावाचा कागद टेबलावर ठेवून पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी 'पुसलेल्या खुणा काढून टाकाव्यात' या ओळीवर काट मारली, खाली सही केली, आणि दारातून म्हणाले, "ठिपके मात्र मोठे काढायला सांगा सगळ्यांना. माझे डोळे आता पूर्वीचे राहिले नाहीत."

शुक्रवारी दुपारी काम सुरू झालं. तारवाला खोक्यावर बसला, बोटं मोडली. "पहिली खूण तुमची, ताई. चाळीस हजारांतली कुठलीही फिल्म सांगा."

ताईंनी नंबर सांगितला. कुठेही न बघता, एका दमात, घरचा पत्ता सांगावा तसा.

पडद्यावर फिल्म उघडली. पुरुष, वय अठ्ठावन्न. श्वास धरून ठेवलेली छाती. ताई खुर्ची पुढे ओढून बसल्या. उजेड वाढवला, कमी केला. कोपरान्‌कोपरा मोठा करून पाहिला. मेणाचा एक कण, एक ओरखडा, एखादा राहून गेलेला ठिपका. काही नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी आपलं काम चोख केलं होतं.

हाडाच्या आड तो डाग मात्र होता. आता तो शेंबड्या पोरालाही दिसला असता.

तारवाल्याने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा ताईंच्या हाताकडे. माऊस धरलेला हात स्थिर होता. मोकळा हात टेबलावर पेन्सिलीचा तुकडा शोधत होता.

"शिंपी?" त्याने विचारलं.

ताईंनी मान डोलावली.

"तेव्हा खूण केली होती तुम्ही?"

"केली होती असं वाटतं."

तारवाला खाली बघत पुटपुटला, "ताई, फाइल साधी आहे. तारीख नुसता मजकूर असतो. तुम्ही सांगा, मी त्या दिवसाची घालतो. कुणाला कळणार नाही. आणि खोटं तरी काय आहे त्यात?"

एका ओळीचं काम. आठ आकडे. मग कायमचं लिहिलेलं राहिलं असतं की त्या मंगळवारी, त्या वेळी, ताईंना दिसलं होतं. मन खोटं बोलत नव्हतं, हेही ठरलं असतं. स्वतःलाही परत विचारावं लागलं नसतं. ताईंनी डोळे मिटले. मिटल्यावर त्यांना दिसला तो डाग नाही, दुकानातला कोट दिसला, खांद्यावरच्या खडूच्या रेघेसकट. ती रेघ दादाने काढली होती, म्हणून तर तिच्याकडे बघता येत होतं.

"नको," त्या म्हणाल्या. "एक तारीख मागाहून घातली की चाळीस हजारांवरचा भरवसा उडाला. काल साहेबांशी कशाला भांडले मग? आजचीच घाल."

"आजची खूण काय कामाची, ताई? आता तर सगळ्यांनाच..."

"माहीत आहे. घाल."

त्यांनी माऊसने ठिपके काढले. एक, दोन, तीन. हात आपोआप सातावर थांबला. आणि तेव्हा ताई जरा चपापल्या. कारण इतर कुठल्याच फिल्मवर ठिपके त्यांनी कधी मोजले नव्हते; त्या मंगळवारचे मात्र सात होते, हे त्यांना आठवत होतं. ही काही साक्ष नव्हे, हे त्यांच्याइतकं चांगलं कुणाला ठाऊक?

"खात्रीची की शंकेची?" तारवाल्याने फाइलीतली पुढची जागा विचारली.

"शंकेची. तेव्हा शंकाच होती."

त्याने लिहिलं. "आता खूण करणाऱ्याचं पद. यादीत तीनच आहेत, डॉक्टर, तंत्रज्ञ, इतर." आणि विचारण्याची गरजच नाही अशा थाटात त्याने बोट 'तंत्रज्ञ'वर नेलं.

"थांब. तंत्रज्ञाने करायची ती त्या दिवशी करून पुसली. इतर कर."

"इतर केलं तर पुढे काहीतरी लिहावं लागतं, ताई. रिकामं सोडलं तर फाइल घेत नाही."

ताईंनी बरणीचं झाकण घट्ट लावलं. बरणी कपाटात ठेवली, पुठ्ठ्याची घडी फटीत कोंबली, दार लागलं की नाही ते ओढून पाहिलं. तारवाला बोटं पट्टीवर ठेवून थांबला होता. पडद्यावर सात ठिपक्यांच्या आत तो छातीचा कोपरा उजळून राहिला होता.

"बहीण," त्या म्हणाल्या. "लिही, बहीण."